भाडं नाही, पण सकाळी साडेसहाला फिरायला न्यायचं

ताई,

माझं वय ३४. पुण्यात वारज्याला एकटी राहते, घरी बसून मालिकांची सबटायटल्स करते. भाडं १९,००० रुपये, आणि दर अकरा महिन्यांनी ते वाढतं. गेल्या वर्षी औंधची एक मैत्रीण बाहेरगावी गेली, तेव्हा तिच्या लॅब्राडोरला सोबत म्हणून पंधरा दिवस तिच्या घरी राहिले. मग तिच्या ओळखीतून गोव्यात हळदोण्याला एक जुनं घर, दोन मांजरं आणि एक गावठी कुत्रा सांभाळला. आणखी एक-दोन घरं झाली. आता डिसेंबरअखेर करार संपतोय. वाटतं, सामान विकावं आणि वर्षभर असंच एका घरातून दुसऱ्या घरात राहावं. मला फार काही लागत नाही.

आई साताऱ्याला असते. ती म्हणते, "शिकून-सवरून लोकांच्या घरची राखण करणार?" भाऊ नुसता हसतो. अडचणीही आल्यात. हळदोण्याहून निघायच्या आदल्या रात्री मालकिणीचा मेसेज आला, "अजून नऊ दिवस थांबशील ना? तुला काय, घरूनच तर काम." नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या एका घरी हॉलमध्ये कॅमेरा होता. तिसऱ्या दिवशी मालकांचा मेसेज, "सोफ्यावर पाय घेऊन बसू नका." पैसे मागावेत की राहायला मिळतं त्यात समाधान मानावं? आणि परदेशात लोक असं वर्षानुवर्षं फिरतात म्हणे, मला जमेल?

– बिऱ्हाडकरू, पुणे

बिऱ्हाडकरू,

सही आवडली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं खरं, पण त्याला दुसऱ्याच्या कुत्र्याला वेळेवर गोळी द्यायची नसते.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेली आहेस: "नाही म्हणता आलं नाही." पैसे, आई, परदेश हे सगळं त्याच्यानंतर. हळदोण्याला नऊ दिवस जास्त राहिलीस तेव्हा वारज्याची किल्ली तुझ्या पर्समध्ये होती. तरी तोंडातून नकार निघाला नाही. जानेवारीत ती किल्लीही नसेल. पुढच्या सोमवारी झोपायचं कुठे हे ज्याला माहीत नसतं तो मिळेल ते घर पदरात पाडून घेतो. कुत्रा चावरा असो, मालक खवट असो, सगळं चालवून घेतो. असं दुसऱ्याच्या मर्जीवर राहायला लागलीस की सहा महिन्यांत म्हणशील, याच्यापेक्षा वारज्याचा घरमालक परवडला.

म्हणून जरूर कर, पण नाही म्हणायची सोय आधी कर.

सोय म्हणजे एक तर साताऱ्याला आईकडे एक कपाट आणि एक कॉट. पाहुणी म्हणून नाही, हक्काची. आधार, बँक, पासपोर्ट, आरोग्य विमा सगळीकडे पत्ता तोच ठेव. दर घराला पत्ता बदलत बसलीस तर वर्षभर केवायसीच करत राहशील. पुण्याहून सातारा तीन तासांच्या आत आहे. एखाद्या घरात बिनसलं तर रात्रीच्या एसटीनं आपल्या कॉटवर पोचता येतं, हे ठाऊक असलं की समोरच्याशी बोलतानाचा आवाजच वेगळा लागतो.

दुसरी सोय पैशाची. १९,००० म्हणजे वर्षाचे २ लाख २८ हजार, आणि ते सगळे वाचणार असं तू धरून चालली आहेस. सगळे वाचत नाहीत. दोन घरांच्या मधले रिकामे दिवस, तेव्हाची पेइंग गेस्टची खोली, एसटी-रेल्वे-रिक्षा, गोव्यात पावसात लाइट गेली आणि वायफाय बसलं की मोबाइलचा डेटा, हे त्यातूनच जाणार. तेव्हा निदान पहिले सहा महिने, दर एक तारखेला भाडं भरावं तसे १२,००० रुपये वेगळ्या खात्यात टाक. ७२,००० होतात. वर डिपॉझिट परत येईल, त्याला हात लावायचा नाही. एवढं गाठीशी असलं तर पुण्यात कधीही पुन्हा खोली घेता येईल.

आता या कामाचा हंगाम. दिवाळी, नाताळ आणि मे महिना, या दिवसांत एकाच आठवड्यासाठी चार-चार जण विचारतील. गणपतीत अर्धी मुंबई कोकणात उतरते, तेव्हा तिकडून फोन येतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी, जूनमध्ये शाळा, तेव्हा पोराबाळांचं कुणी जागचं हलत नाही. म्हणजे सुट्ट्यांवर विसंबलीस तर वर्षातले चार-पाच महिने कोरडे.

यावरचा तोडगा कोथरूड, सहकारनगर, औंध भागातच आहे, आणि तो तुझ्या लक्षात कसा आला नाही याचं मला नवल वाटतं. साठी ओलांडलेलं जोडपं. मुलगी न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियात, तिचं बाळंतपण. पर्यटक व्हिसावर अमेरिकेत एका खेपेला साधारण सहा महिन्यांपर्यंत राहू देतात आणि आपले आजी-आजोबा त्यातला एकेक दिवस वसूल करतात. मागे राहतो बारा वर्षांचा कुत्रा, ज्याला या वयात हॉस्टेलात टाकायचं त्यांच्या जिवावर येतं, आणि गच्चीतल्या चाळीसेक कुंड्या. ही घरं तुझी. मुक्काम मोठा, शेजार ओळखीचा, आणि मालक तासातासाला व्हिडिओ मागणारे नसतात. ही माणसं इंटरनेटवर जाहिरात करत नाहीत. विचारतात ते फक्त आपल्या कुत्र्याच्या डॉक्टरला. तेव्हा दोन-चार दवाखान्यांत स्वतः जाऊन भेट, औंधच्या मैत्रिणीचा हवाला दे, नंबर ठेवून ये.

तुझं साधं राहणं आणि या लोकांचं भरलेलं घर यात मात्र गफलत करू नकोस. तुझं सामान दोन बॅगांत मावेल, पण सांभाळायला सगळं लोकांचं असणार. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी, आठवड्यातून एकदा स्कूटर चालू करायची, सोसायटीचं पाणी सात ते नऊ, कामवाल्या मावशींची सुट्टी, देवघरात रोज दिवा लावायचा की नाही. हे शेवटचं आधीच विचार, नंतर ते फार नाजूक होतं.

आता ज्यासाठी हे सगळं आहे त्याबद्दल. तुझ्या पत्रात भाडं आहे, आई आहे, सोफा आहे. औंधच्या लॅब्राडोरचं नाव नाही. मांजरांचंही नाही. घाईत राहिलं असेल. पण कुत्र्या-मांजरांची माणसं सहसा नावापासूनच सुरुवात करतात, म्हणून मला ते खटकलं. एकदा स्वतःला विचार, की रिकामं घर मिळालं, जनावर नाही, तर तुला जास्त आनंद होईल का? होणार असेल तर हा बेत सोड आणि वारज्याहून स्वस्त खोली शोध.

कारण भाडं तू जनावराच्या घड्याळानं फेडणार आहेस. सकाळी साडेसहाला फिरायला, रात्री साडेदहाला शेवटची शू. मध्येच कुणी म्हणालं चल लोणावळ्याला, तर जाता येत नाही. माझ्याकडे दोन मांजरं आहेत, त्यामुळे मी घर सोपवून जाणाऱ्यांच्या बाजूची. येणाऱ्या माणसाबद्दल माझं मत पहिल्या अर्ध्या तासात बनतं. एक मुलगी आली ती जमिनीवर बसली, पाणी प्यायली, माझ्याशी गप्पा मारत राहिली आणि कपाटावर बसलेल्या मांजरीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. वीस मिनिटांनी मांजर खाली उतरून तिची बॅग हुंगत होती. तिला मी कुठल्याही तारखेला बोलावते. आल्याआल्या उचलून फोटो काढणाऱ्यांना चहा देते आणि निरोप देते.

म्हाताऱ्या कुत्र्याला औषध देणं हे वेगळंच कसब आहे. पनीरमध्ये लपवलेली गोळी हे लबाड बरोब्बर बाजूला काढतात, पनीर गिळतात आणि तू वळलीस की गोळी गालिच्यावर. तीन तुकडे करायचे. पहिला नुसता. दुसऱ्यात गोळी. तिसरा दुसऱ्या हातात नाकासमोर धरून ठेवायचा, म्हणजे त्याच्या आशेनं दुसरा न चावता आत जातो. मालक असतानाच एकदा हे स्वतः करून बघ. निदान दोन दिवस त्यांच्यासोबत राहिल्याशिवाय मोठं काम घेऊच नकोस.

काही गोष्टी पाठ असायला हव्यात. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला नाही, म्हणजे आपल्या ताटातला रस्साही नाही. माणसाची कुठलीही वेदनाशामक गोळी नाही. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळी जिवावर बेतू शकते. बोका लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये, पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाही, तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. मांजरानं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तरी तेच. पावसाळ्यात, कोकण-गोव्यात तर नक्कीच, रोज रात्री कानामागे, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून गोचीड बघायची. तिच्यामुळे येणारा ताप अंगावर काढला तर कुत्रा हातचा जातो. चपट्या नाकाच्या पगला मे महिन्यात दुपारी बाहेर काढायचं नाही. आणि दिवाळीत गळपट्ट्यावर तुझा फोन नंबर असलाच पाहिजे, कारण परक्या माणसाच्या हातून फटाक्याला बिचकून सुटलेला कुत्रा कुठल्या दिशेला जाईल ते सांगता येत नाही.

तुझ्यासाठीही एक गोष्ट. रेबीजची लस आधीच घेऊन ठेव. तीन डोस असतात: पहिला, मग सातव्या दिवशी, मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या. ती घेतलेली असली तर पुढे कधी चावा बसल्यास दोनच डोस लागतात, त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, आणि जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही. नाहीतर पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४, २८ अशा पाच तारखा, आणि तोवर तू तिसऱ्याच गावात पोचलेली असशील. चावा असो की ओरखडा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. "आमचा कुत्रा घरचाच आहे हो" या वाक्यावर जाऊ नकोस.

आता हळदोण्याच्या नऊ दिवसांकडे येते. त्या बाईंचा दोष आहेच, पण कागदावर काही नव्हतं म्हणून त्यांचं फावलं. पुढच्या वेळी एक पान लिही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, मुदत वाढवायची तर किती दिवस आधी विचारायचं आणि वाढीव दिवसाचे किती रुपये. डॉक्टर कोण, खर्च कुठून करायचा, आणि मालकांचा फोन लागला नाही तर ऑपरेशनचा निर्णय कोण घेणार. हा मुद्दा वाचताना अभद्र वाटतो, पण पुण्यात दुपारचे दोन वाजलेले असताना न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार असतात, आणि पोट फुगलेला कुत्रा थांबत नाही. डॉक्टरकडे मालकांनी आधीच काही रक्कम जमा करून ठेवावी, तू पदरचे घालायचे नाहीत. त्याच पानावर हेही लिही, की मी भाडेकरू नाही, जनावराच्या देखभालीसाठी अमुक तारखेपर्यंत परवानगीनं राहते आहे. "कब्जा" या शब्दाची आपल्याकडच्या घरवाल्यांना केवढी धास्ती असते! हे एक वाक्य वाचून निम्मी माणसं तिथल्या तिथे सैल होतात. ओळखीसाठी आधार मागितलं तर शेवटचे चार आकडेच दिसणारी मास्क केलेली प्रत दे. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला मालकांनी स्वतः कळवायचं, नाहीतर रोज गेटवर "कुणाकडे?" ऐकशील. लिफ्टमधून कुत्रा नेऊ नका म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही. पण काकांना सूचना वाचून दाखवायचं काम मालकांचं, तुझं नाही.

कॅमेरा. दारावर, अंगणात, आधी सांगून हॉलमध्येही चालेल, लोकांना कुत्रा बघायचा असतो. झोपायच्या खोलीत आणि बाथरूममध्ये मुळीच नाही, तो गुन्हा आहे. हॉलच्या कॅमेऱ्यातून कुत्र्याऐवजी तुझे पाय बघणाऱ्याकडे पुन्हा जायचं नाही. सोफ्याचा नियम करायचा त्यांना अधिकार आहे, पण तो आदल्या दिवशी तोंडावर सांगायचा असतो.

पैसे घ्यायचे. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात नुसत्या अदलाबदलीची पद्धत रुजली आहे: तुम्ही आमचं जनावर सांभाळा, आम्ही तुम्हाला राहायला देतो. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ट्रस्टेडहाउससिटर्स या वेबसाइटवर दोन्हीकडचे लोक वर्षाची वर्गणी भरतात आणि आपसात पैशाचा व्यवहार करत नाहीत. तिकडे घरभाडं भयंकर आणि कुत्रा ठेवण्याचा दरही तसाच, त्यामुळे दोघांनाही ते परवडतं. आपल्याकडे "राहायला फुकट मिळतंय, वर पैसे कसले" म्हणणारा माणूस उद्या कुंड्यांबरोबर सासूबाईंचं पथ्यही तुझ्या गळ्यात घालेल. तेव्हा महिन्याच्या आतलं काम असेल तर पैसे. दर काय, तर त्या भागातल्या डॉग हॉस्टेलला दिवसाचा दर विचार आणि त्याच्या खाली उतरू नकोस. कुत्रा तिथे पिंजऱ्यात झोपला असता, इथे स्वतःच्या गादीवर झोपतोय. महिन्याच्या वरचं काम असेल तर राहणं हाच मोबदला धरायला हरकत नाही, पण वीज, इंटरनेट, जनावराचं खाणं आणि औषध मालकांकडे. मैत्रिणींना सूट द्यायची असेल तर पैशात दे, अटींत नको.

परदेशाचं थोडक्यात सांगते, कारण मला त्यात फार दम दिसत नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन राहण्याच्या बदल्यात कुणाची मांजरं सांभाळणं याला अनेक देशांचे अधिकारी काम समजतात, हातात पैसे पडले नसले तरी. २०२२ साली एका ऑस्ट्रेलियन बाईला याच कारणावरून लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून परत पाठवलं. ती कॅनडात मांजर सांभाळायला निघाली होती, अमेरिकेत फक्त विमान बदलणार होती. ऑस्ट्रेलियन पासपोर्टची ही गत. आपल्या पासपोर्टला तर तिकीट काढायच्या आधीपासून प्रश्न विचारतात. युरोपातल्या शेंगेन देशांमध्ये मिळून १८० दिवसांतले ९० दिवस मिळतात, त्यात वर्षभराचं बिऱ्हाड होत नाही. अधिकाऱ्यापुढे "मैत्रिणीकडे चाललेय" अशी थाप मारायचा सल्ला तुला कुणीतरी देईल. तो घेऊ नकोस.

राहिली आई. तिला राखणदारीची लाज वाटते असं तुला वाटतंय. मला वाटतं तिला भीती वाटते, की फोन केला तर मुलगी नक्की कुठल्या घरात आहे हे तिला सांगता येणार नाही. तेव्हा प्रत्येक घराचा पत्ता, मालकांचा नंबर आणि शेजाऱ्यांचा नंबर तिला देत जा. विशेषतः गोव्यात एकटी असशील तेव्हा. एखाद्या मोठ्या मुक्कामात मालकांची परवानगी काढून तिला चार दिवस बोलाव. चाकरीबद्दल मात्र तिच्याशी वाद घालू नकोस. थोडी चाकरी आहेच त्यात, आणि पैसे घेतेस म्हटल्यावर ती लपवायचं कारणही नाही. भावाला हसू दे. येत्या मे महिन्यात तो केरळला निघाला आणि त्याच्या पोरीचा पोपट कुणी सांभाळायचा असा प्रश्न पडला, की पूर्ण दर सांग.

सामान विकायच्या आधी एवढं कर: जानेवारीपासूनचं निदान तीन महिन्यांचं एक घर पक्कं कर, कागदासकट. ते ठरलं नाही तर करार आणखी अकरा महिने वाढव, जगबुडी होत नाही. ठरलं तर फ्रिज आणि वॉशिंग मशीन विक. पुस्तकं, गादी आणि कुकर साताऱ्याला पाठव. करारात बहुधा महिनाभर आधी लेखी नोटीस द्यायची अट असते, तेव्हा घरमालकाला ती नोव्हेंबर संपायच्या आत दे. डिपॉझिटमधून तो रंगाचे पैसे कापायला बघेल. करारात किती लिहिलंय ते आजच काढून बघ आणि किल्ली देण्यापूर्वी सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेव.